तोंड तेच, पण बाबा नव्हेत

पेडण्याकडच्या एका तरुण चित्रकाराचा प्रश्न आहे. कला महाविद्यालयातून पदवी घेऊन त्याला तीन वर्षं झाली. लोक फोटो आणून देतात, हा त्यावर चौकटी आखतो, त्या कॅनव्हासवर मोठ्या करतो आणि तैलरंगात व्यक्तिचित्र करतो. माप सुतभरही चुकत नाही. पण चित्र घरी पोचलं की माणसं आधी गप्प होतात, आणि मग कोणीतरी म्हणतं, "तोंड तेंच, पूण हे बाबा न्हय." काय चुकतंय, असं तो विचारतो. शिवाय, गोव्यातच राहून नुसत्या व्यक्तिचित्रांवर घर चालतं का?

वयाने तू माझ्या धाकट्या मुलाएवढा आहेस, म्हणून अरेतुरे करतो. पैशांचं शेवटी सांगतो. आधी बाबांचं.

तू फोटोचं व्यक्तिचित्र काढतोस, आणि फार इमानेइतबारे काढतोस. सगळी गोची तिथेच आहे. मीही तेच केलं होतं. पणजीला आल्तिनोवरच्या कला महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलो आणि वर्षभरात एका गावातल्या वाचनालयाचं काम मिळालं. संस्थापकांचं तैलचित्र, 30 बाय 40 इंच, वर्धापनदिनाला अनावरण. हातात काय, तर कसल्याशा ओळखपत्रासाठी काढलेला, कोपऱ्यावर शिक्का उमटलेला बोटभर फोटो. मी भिंगाखाली धरून एकेक केस मोजला. अनावरणाला त्यांच्या पत्नी आल्या होत्या, नऊवारीतल्या, काठी टेकत. पडदा बाजूला झाला, टाळ्या झाल्या. बाई जवळ आल्या, चष्मा सारखा करून बराच वेळ पाहिलं आणि मला म्हणाल्या, "फोटो बरो आसा." चित्राला त्या फोटो म्हणाल्या. त्यांना मला दुखवायचं नव्हतं हे कळत होतं, त्यामुळे ते जास्तच लागलं.

आता फोटोत नेमकं काय बिघडतं ते बघ. पहिली गोष्ट अंतर. आजकाल तुझ्याकडे येतात त्यातले निम्मे फोटो मोबाइलवर, हातभर अंतरावरून काढलेले असतात. इतक्या जवळून कॅमेऱ्याला जे पुढे असेल ते मोठं दिसतं आणि मागचं लहान. नाक सुजतं, कपाळ पुढे येतं, कान मागे पळतात, चेहरा उभट होतो. तू ते सगळं चौकटीत पकडून जसंच्या तसं उतरवतोस. म्हणजे माप बरोबर, पण मुळात मापायला घेतलेली वस्तूच चुकीची. घरच्यांनी बाबांना कुठून पाहिलं? ते वसरीवर, म्हणजे ओसरीवर, आरामखुर्चीत, ही मंडळी समोर सोप्यावर, नाहीतर दारात. मध्ये पाच-सात फूट तरी अंतर. हातभर अंतरावरून त्यांचं तोंड आयुष्यभर पाहिलं ते फक्त न्हाव्याने.

दुसरी गोष्ट फ्लॅशची. समोरून मारलेला उजेड गालाचं हाड, डोळ्याची खोबण, हनुवटीखालची सावली सगळं धुऊन टाकतो. उरतं ते सपाट पीठ आणि त्यावर दोन डोळे. मग तू अंदाजाने सावल्या घालतोस, आणि त्या सावल्या बाबांच्या नसतात, तुझ्या महाविद्यालयातल्या प्लास्टरच्या मुंडक्याच्या असतात.

तिसरी गोष्ट म्हणजे फोटोवाला. तो माणसाला दुरुस्त करतो. याचा किस्सा पुढे सांगतो.

त्याआधी एक साधी गोष्ट आठव. संध्याकाळी शेताच्या बांधावरून पार पलीकडून कोणी येत असतो. डोळे दिसत नाहीत, नाक दिसत नाही, तरी तू म्हणतोस, "हो आमचो बापू." कशावरून ओळखलंस? खांद्याच्या उतारावरून. डोकं मानेवर कसं बसलंय त्यावरून. चालताना एक हात कसा अंगाला चिकटलेला असतो त्यावरून. माणसाची ओळख आधी या मोठ्या आकारात असते आणि मग नाकाडोळ्यांत. आपण शिकाऊ लोक मात्र डोळ्यांपासून सुरुवात करतो, कारण डोळे काढायला मजा येते.

मी चतुर्थीच्या आधी दोन महिने आमच्या मामाच्या गणपतीच्या चित्रशाळेत बसायचो. तिथे डोळ्यांची आखणी अगदी शेवटी असते. बाकी मूर्ती रंगून, सुकून, दागिने होऊन गेले की मामा आंघोळ करून येणार, कोणाशी न बोलता बसणार आणि एका दमात आखणी करणार. तेव्हा मला तो नुसता सोवळ्याओवळ्याचा भाग वाटायचा. पुढे लक्षात आलं की त्यात कारागिराची अक्कलही आहे. सोंडेचा कल, मानेचा बाक, बसण्याची ऐट नक्की झाल्याशिवाय नजर कुठे पडणार हे ठरतच नाही. माणसाच्या चित्रातही डोळे शेवटाकडेच ठेव. तोंडाची जिवणी त्याच्याही नंतर.

कधी पुण्याला गेलास तर बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन मोठी तैलचित्रं आहेत, ती नीट बघ. एकात ते पुरुषवेशात, दुसऱ्यात स्त्रीभूमिकेत. माणूस एकच. नाकडोळे जुळवत बसू नकोस. मान, खांदे आणि हात यांचं काय झालंय ते बघ. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नाटक सोडून मध्यंतरभर तिथेच उभा होतो, आणि बरोबरच्या मंडळींनी माझा चहा पिऊन टाकला.

आता मास्तरांचा किस्सा. फोंड्याकडच्या एका गावातले प्राथमिक शाळेचे निवृत्त मास्तर वारले. वर्षश्राद्धाला चित्र हवं म्हणून मुलगा आला. दोन फोटो होते. दोन्ही स्टुडिओतले, दोन्हींत मास्तर ताठ, मान सरळ, खांदे चौकोनी, जणू समोर झेंडावंदन चाललंय. वाचनालयाच्या अनुभवानंतर मी एक नियम घालून घेतला होता, फोटोला हात लावण्याआधी घरी जाऊन तासभर बसायचं. तसा गेलो. चहा झाला, पोहे झाले. ते कुठे बसायचे विचारलं. वसरीच्या उजव्या टोकाला, खिडकीपाशी. वर्तमानपत्र कसं धरायचे? दुमडून, एका हातात. कोणी हाक मारली की काय करायचे? इथे मुलगा बोलता बोलता थांबला आणि त्याने न कळत स्वतःची मान किंचित डावीकडे वळवली आणि उजवा कान पुढे केला.

मास्तरांना डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. ऐन तरुणपणापासून. तीस-पस्तीस वर्षं वर्गात, बाजारात, देवळात हा माणूस उजवा कान पुढे करून उभा राहिलेला. त्यामुळे डावा खांदा थोडा वर, मानेचा उजवा स्नायू दोरीसारखा, आणि चेहऱ्यावर कायम 'काय म्हणालास?' असा भाव. गावाला मास्तर म्हणून माहीत होते ते हेच. आणि स्टुडिओवाल्याने काय केलं? "मास्तर, मान सरळ." दोन्ही वेळा त्यांचं मास्तरपण काढून घेऊन मग फोटो काढला.

मी नातवाला त्या खुर्चीत बसवलं, आजोबांचा चष्मा लावला, कान पुढे कर म्हटलं, आणि त्याच्यावरून मान आणि खांदे काढले. सकाळी दहाचा खिडकीतला उजेड घेतला. नाकडोळे फोटोतले, पण वळवलेल्या डोक्याला जुळतील असे पुन्हा बसवले. हे कठीण जातं, कारण फोटो सरळ आणि डोकं वळलेलं. म्हणून मातीचं एक ओबडधोबड मुंडकं करून ते फिरवून पाहिलं. चिकणमाती चतुर्थीची उरलेली होतीच.

चित्र लावलं त्या दिवशी मास्तरांची थोरली मुलगी चित्रातल्या वडिलांच्या डाव्या हाताला उभी राहून कोणाशी तरी बोलत होती. बोलता बोलता ती सरकली आणि त्यांच्या उजव्या हाताला येऊन उभी राहिली. चित्र बरं झालंय का, हे मी त्या दिवशी कोणालाच विचारलं नाही.

या रीतीचा शोध मी लावलेला नाही. आपल्या गोव्यातच तिला पावणेपाचशे वर्षं होऊन गेली. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात पोर्तुगीज गव्हर्नरांची आणि व्हाइसरॉयांची ओळीने चित्रं आहेत. लोक चर्च बघायला जातात आणि तिथे पाच मिनिटांत बाहेर पडतात. ती मालिका 1547 च्या सुमारास तेव्हाचा गव्हर्नर जुआंव द कास्त्रू याने सुरू करवली. आधीचे बरेचसे गव्हर्नर मरून गेलेले किंवा पोर्तुगालला परतलेले. मग गास्पार कोर्रैया नावाच्या इतिहासकाराला कामाला लावलं, कारण त्याने ती माणसं डोळ्यांनी पाहिली होती आणि त्याला चित्राचं अंग होतं. त्याने सांगायचं, आणि इथल्याच एका चित्रकाराने रंगवायचं. कोर्रैयाने स्वतः लिहून ठेवलंय की तो स्थानिक माणूस उपजत हुशार होता आणि चित्रं पाहून लोक झटकन ओळखत. चित्रकाराचं नाव मात्र लिहून ठेवलं नाही. ते असो. मुद्दा असा की त्या अनाम गोंयकाराकडे फोटो नव्हता. समोर बसलेल्या एका माणसाची आठवण होती. आज तिथे जाऊन फार अपेक्षा ठेवू नकोस, पुढच्या काळात त्यांच्यावर पुन्हा पुन्हा रंग चढवले गेले, चेहरे थिजलेत. रंगावर रंग थापला की काय होतं हे शिकायलाही तिथे जाता येईल.

एवढं फोटोवरून काम करण्याबद्दल. पण ते जमण्यासाठी जिवंत माणूस समोर बसवायची सवय लागते, आणि तुझ्या पत्रात तिचा कुठे उल्लेखच नाही. आठवड्यातून एकदा तरी कोणाला तरी समोर बसव. पैसे मिळणार नाहीत, उलट चहा तुलाच पाजावा लागेल. आई, बहीण, शेजारचा पदेर म्हणजे पाववाला, कोणीही. चित्रकार आंतोनियो शाव्हिएर त्रिंदाद हे आपले सांग्याचे, जन्म 1870 चा. मुंबईला जे. जे. मध्ये शिकले, पुढे तिथेच शिकवलं, आणि लोक त्यांना 'पूर्वेचा रेम्ब्राँ' म्हणू लागले. त्यांनी घरच्या माणसांना, बायकोला, मुलींना पुन्हा पुन्हा बसवून रंगवलं. त्यांची चित्रं पणजीत फोंताइन्हासला फुंदासांव ओरिएंत या संस्थेत बघायला मिळतात. पेडण्याहून तासाभराचा रस्ता. अजून गेला नसशील तर हे उत्तर अर्धं सोडून आधी तिकडे जाऊन ये. चेहऱ्याची सावलीकडची बाजू बघ. आपण तिथे नाक, डोळा, गाल असं सुटं सुटं काढत बसतो. त्यांनी सगळी बाजू एका अंधारात घेतलीय आणि तरी आत डोळा आहे हे तुला कळतं.

आणि तुमच्या पेडण्याला लागूनच सावंतवाडी. चित्रकार सावळाराम हळदणकर तिथले. हातात समई घेतलेल्या बाईचं ते चित्र, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं, तू कॅलेंडरवर पाहिलंच असशील. पुष्कळ लोक ते रविवर्म्याचं समजतात आणि तैलरंग समजतात. दोन्ही चूक. जलरंग आहे, आणि समोर उभी राहिलेली मुलगी त्यांची स्वतःची. जलरंगात हात चुकला की मागे फिरता येत नाही. समईचा उजेड बोटांमधून लालसर झिरपतो तेवढा भाग झाकून बाकीचं चित्र बघ, मग उघडून बघ. असलं फोटोवरून सुचत नाही.

समोर बसवताना काय होतं ते माझ्या मोठ्या मावशीवरून सांगतो. वय ब्याऐंशी. पहिली पंधरा मिनिटं ती 'चित्राला बसली' होती, ओठ आवळून, पदर नीट करून. हा चेहरा कधी रंगवू नकोस. त्या वेळात फक्त मोठे आकार टाकून घे, खुर्चीच्या पायांभोवती खडूने खुणा कर, नाहीतर उठून परत बसली की सगळा उजेड सरकतो. वीस-पंचवीस मिनिटांनी तिला उठू दे. दुसऱ्या बैठकीत ती कंटाळली, अंग खुर्चीत मुरलं, आणि कोणाच्या तरी लग्नाची गोष्ट सांगू लागली. तेव्हा मावशी आली. "बोलू नको, हलू नको" असं कधी म्हणू नकोस, बोलणारं तोंड रंगवायला अवघड जातं पण न बोलणारं तोंड त्या माणसाचं नसतंच.

आमचं घर जुनं, चिऱ्याचं. उत्तरेच्या खिडकीबाहेर कुळागर, म्हणजे पोफळींची बाग, आणि आत राजांगणाची, म्हणजे घरातल्या उघड्या चौकाची, लाल जमीन. पावसाच्या दिवसांत खिडकीतून येणारा उजेड पोफळींना घासून येतो आणि हिरवट होतो. राजांगणातून परतणारा उजेड खालून येतो, तो तांबूस. मावशीच्या चेहऱ्यावर दोन्ही होते. कपाळ आणि गालाच्या वळणावर हिरवट निळसर, आणि हनुवटीखाली, नाकपुडीच्या खाली विटकरी ऊब. ट्यूबमधला तयार 'फ्लेश टिंट' घेऊन बसलो असतो तर हे काहीच मिळालं नसतं. तो रंग फेकून दे. पांढरा, यलो ऑकर, लाइट रेड, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, एवढ्यात आपल्याकडचा कुठलाही वर्ण निघतो. गोरा म्हणून पांढरा ओतू नकोस, सावळा म्हणून काळा घालू नकोस. सावळ्या कातडीवरची चमक थंड असते, आकाश तिथे आरशासारखं पडतं, आणि खरा रंग उजेड आणि सावली यांच्या मधल्या पट्ट्यात असतो. मावशीच्या कानाच्या पाळ्या जड दागिन्यांनी ओघळलेल्या, भोक वाढून तांदळाएवढी फट झालेली. आणि कपाळाच्या मध्यभागी, जिथे साठ वर्षं कुंकू लागलं, तिथली कातडी जरा वेगळी, गुळगुळीत. काका जाऊन बारा वर्षं झाली होती. तिथे मी वेगळा रंग लावला नाही. ब्रश फक्त दुसऱ्या दिशेने फिरवला.

चित्र बघून ती म्हणाली, "अरे पुता, म्हजें नाक इतलें व्हड?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, तिच्या आईचंही होतं. आणि मग अर्धा तास आईबद्दल बोलत बसली.

आता सामानसुमान आणि पाऊस, थोडक्यात. हे महाविद्यालयात सांगतात, पण मे महिन्यात सांगतात. जून ते सप्टेंबर तैलरंग सुकायला वेळ घेतो, त्यातही आयव्हरी ब्लॅक आणि अलिझरीन फारच. खालच्या थरात ते वापरू नकोस, वरचा थर आधी सुकून खालचा मागाहून आक्रसला की तडे जातात. खाली टर्पेंटाइन घालून पातळ थर, वर तेल जास्त, हा क्रम कधी उलटवू नकोस. कॅनव्हास हवेप्रमाणे सैल पडतो, ताणतो, म्हणून कोपऱ्यातल्या पाचरी ठोकायला हाताशी ठेव. पावसाळ्यात वॉर्निश लावू नकोस, दुधासारखा ढग येतो. मी एकदा पूर्ण झालेली सहा चित्रं मागच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली आणि कामात विसरलो. चतुर्थीला खोली झाडायला गेलो तर पाठीवर राखाडी लव आणि दोन चित्रांत पुढूनही काळे ठिपके. त्यातलं एक गिऱ्हाइकाचं होतं, ते फुकटात पुन्हा करून द्यावं लागलं. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीवर चित्र कधी घट्ट टेकवायचं नाही. चौकटीच्या मागे चारी कोपऱ्यांना लाकडाचे किंवा बुचाचे तुकडे लाव, मागून वारा खेळला पाहिजे. गिऱ्हाइकाला हे सांग, आणि सांगून भागत नाही, म्हणून तुकडे तूच लावून दे.

पैसे. नुसत्या व्यक्तिचित्रांवर गोव्यात घर चालतं का? माझं चाललं, पण पहिली दहा वर्षं नाही. तेव्हा मी जत्रेच्या नाटकांचे पडदे रंगवले, चित्रशाळेत आखणी केली, शनिवार-रविवारी मुलांचे वर्ग घेतले. पडद्यांची मला लाज वाटायची, आता वाटत नाही. वीस फुटांवरून राजवाडा राजवाडा दिसला पाहिजे, हे त्या पडद्यांनी शिकवलं आणि व्यक्तिचित्रात सगळ्यात जास्त तेच कामी आलं.

काम येतं ते असं. देवळं आणि मठ, वाचनालयं, शाळा, सहकारी पतसंस्था, आणि घरं. संस्थांचं काम मोठं, नाव होतं, पण पैसे निघता निघत नाहीत. एका कार्यालयाने माझं बिल चौदा महिने फिरवलं, कारण मंजुरीच्या कागदावर 'तैलचित्र' होतं आणि मी बिलात 'व्यक्तिचित्र' लिहिलं होतं. तेव्हापासून मी त्यांच्या कागदावरचा शब्द बघून तोच लिहितो. आणि अर्धे पैसे आगाऊ, मग समोर सख्खा चुलता का असेना. घरच्या कामांत पैसे वेळेवर मिळतात, पण तिथे सात माणसांची सात मतं असतात. म्हणून सुरुवातीलाच ठरवून घे की पसंती एकच माणूस सांगेल. शक्यतो घरातली सगळ्यात म्हातारी व्यक्ती असू दे, तिला फोटोचा मोह नसतो.

ख्रिस्ती घरांतूनही कामं येतात, लग्नाच्या पन्नाशीला जोडप्याचं चित्र हवं असतं. ती मला विशेष आवडतात, कारण दोघंही जिवंत असतात आणि बसायला तयार असतात. मेलेल्यांचीच चित्रं करत राहिलास तर हात जड होतो. आपल्याकडे माणूस गेल्याशिवाय त्याचं चित्र करायचं सुचत नाही. जिवंतपणी चित्र म्हणजे अपशकुन, असंही एका घरी ऐकलंय. तिथे वाद घालू नकोस. त्यांच्या नातवंडांचं चित्र करून दे, आजीला मांडीवर घ्यायला लाव, आपोआप दोघंही येतात.

मोबाइलवर बोट फिरवून फोटोचं 'ऑइल पेंटिंग' करून मिळतं, मग माझ्याकडे कोण येणार, ही भीती तू शेवटी लिहिली आहेस. जो फोटो मोठा करून हवा म्हणून येतो तो जाईलच, त्याला अडवू नकोस. पण मास्तर कुठल्या कानाने ऐकायचे हे त्या मोबाइलला कोण सांगणार?

आता तुझं ते परत आलेलं चित्र. त्याच्या डोळ्यांना हात लावू नकोस. सगळे पहिल्यांदा डोळेच 'सुधारतात' आणि चित्र आणखी बिघडतं. उलटं करून पंधरा फुटांवर ठेव आणि डोळे बारीक करून डोक्याचा, मानेचा, खांद्याचा एकच आकार बघ. मग त्या घरी जा. चित्र नेऊ नकोस, मोबाइल खिशात ठेव, वही आणि कोळसा पुरे. बाबा कुठे बसायचे ते विचार आणि त्यांच्या जागेवर न बसता समोरच्या जागेवर बस. घरात कोणाची मान त्यांच्यासारखी आहे हे तुला न विचारताच कळेल, बहुतेक ती एखादी मुलगी असते आणि तिला ते स्वतःला ठाऊक नसतं. तिला अर्धा तास बसायची विनंती कर.

तोवर ते चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवू नकोस. अंधारात तैलरंगातलं जवसाचं तेल पिवळं पडतं, आणि पुन्हा रंगवायला बसशील तेव्हा जुन्या रंगाला नवा रंग जुळणार नाही. खिडकीपासून जरा लांब, उन्हाचा कवडसा पडणार नाही अशा उजेडात उभं ठेव. पिवळं पडलंच असेल तर घाबरू नकोस, काही आठवडे उजेडात राहिलं की बरंचसं परत येतं.